पापक्षमा: ख्रिस्ती धर्मात आणि इतर धर्मांत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगायचे तर फरक नेमका कुठे आहे?

क्रियापदात. मराठीत पाप फेडतात, धुतात, भोगतात, पदरी घेतात. जैन परंपरेत कर्म झडते. मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत मागणी असते ती ऋण 'सोडण्याची'. सावकाराने कर्जाचा कागद फाडून टाकावा तसे हे सोडणे. फेडणारा ऋणको असतो, सोडणारा धनको. ख्रिस्ती शिकवणीचा सगळा भर या सोडण्यावर आहे आणि त्यामागे आणखी एक दावा आहे: कागद फाडला म्हणजे रक्कम हवेत विरली नाही, ती धन्याने स्वतः सोसली. क्रुसाचा अर्थ हा.

इतर धर्मांत क्षमा नाही आणि फक्त ख्रिस्ती धर्मात आहे, असे कुणी सांगत असेल तर ते चूक. उलट 'सगळे धर्म एकच सांगतात' हेही चूक. पुढच्या उत्तरांत आपण एकच उदाहरण बरोबर ठेवू: एकाने शेजाऱ्याचा बांध कोरला आणि दोन फूट जमीन आपल्याकडे ओढली.

ख्रिस्ती धर्मात पाप कशाला म्हणतात?

देवाशी असलेले नाते तोडणारे कृत्य, विचार, शब्द, आणि जे करायला हवे होते ते न करणे. कॅथलिक शिकवणीत गंभीर आणि हलके असा भेद आहे. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकदम लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे माहीत हवे, आणि पूर्ण संमतीने केलेली हवी. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ते त्या अर्थाने गंभीर पाप नव्हे. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा भेद मानत नाहीत.

'प्रायश्चित्त' हा शब्द दोन्हीकडे आहे. अर्थ एकच आहे का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पापी माणूस स्वतः करतो: उपास, जप, दान. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला आणि येशूला लावला. योहानाच्या पहिल्या पत्रात 'तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असे वाक्य आहे. म्हणजे करणारा बदलला. त्यात कॅथलिक लोक पापकबुलीच्या संस्काराला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, आणि त्यात फादर जे करायला सांगतात त्यालाही प्रायश्चित्तच. एका शब्दाचे तीन अर्थ झाले. चर्चा सुरू करण्याआधी समोरचा कोणत्या अर्थाने बोलतो आहे हे विचारून घ्यावे. अर्धे वाद तिथेच मिटतात.

दुसऱ्याच्या मरणाने माझे पाप कसे फिटेल?

यावर चर्चमध्येही एकच उत्तर नाही. पहिल्या शतकांत 'खंडणी' ही कल्पना जोरात होती: माणूस गुलामीत होता, त्याला सोडवले. ११व्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप अँसेल्म यांनी मांडले की पापाने देवाचा मान हिरावला गेला आहे, तो भरून देण्याची माणसाची ऐपत नाही, म्हणून देव-माणूस अशा एकानेच ते भरून द्यावे लागले. पुढे प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी ते न्यायालयाच्या भाषेत आणले: शिक्षा माझी, भोगली त्याने. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला ही कोर्टाची भाषा फारशी मानवत नाही. त्यांच्यासाठी पाप हा आजार आहे आणि ख्रिस्त वैद्य. आमच्या मते कर्जाची उपमा सगळ्यांत कमी दिशाभूल करते, कारण ती खुद्द येशूच्या तोंडची आहे.

कॅथलिक पापकबुली प्रत्यक्षात कशी होते?

गोव्याच्या कोंकणीत हिला कुमसार म्हणतात. शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. टप्पे असे:

पहिला, आत्मपरीक्षण. मागच्या कबुलीपासून आजपर्यंतचे आठवायचे. दहा आज्ञा क्रमाने घेतल्या की सुटत नाही. दुसरा, पश्चात्ताप: खरा, आणि पुन्हा न करण्याच्या निश्चयासह. हा नसेल तर पुढचे सगळे पोकळ. तिसरा, सांगणे. क्रुसाची खूण करून शेवटची कबुली किती दिवसांपूर्वी झाली ते सांगायचे, मग पापे. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगावी लागतात: 'मी अप्रामाणिक वागलो' नव्हे, तर 'शेजाऱ्याची जमीन दोनदा बांध कोरून घेतली'. नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज चालतो. हलकी पापे सांगणे सक्तीचे नाही, सांगितलेली बरी. चौथा, फादर काही विचारतात, सल्ला देतात आणि प्रायश्चित्त नेमतात: ठरावीक प्रार्थना, एखादे सेवेचे काम, किंवा नुकसानभरपाई. पाचवा, पश्चात्तापाची प्रार्थना आणि फादरांचे पापमुक्तीचे शब्द. बाहेर पडल्यावर नेमून दिलेले लगेच उरकावे. उद्यावर ढकलले की विसरते.

कुठे बिघडते? गंभीर पाप मुद्दाम लपवले तर ती सबंध कबुली निष्फळ होते. विसरले असेल तर नाही. पुढच्या वेळी सांगायचे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सासूची, नवऱ्याची, शेजाऱ्याची पापे सांगणे. तिसरी उलट टोकाची: एकच जुने, क्षमा झालेले पाप दर आठवड्याला सांगत राहणे. अशा माणसाला अनुभवी फादर एकाच धर्मगुरूकडे जायला सांगतात आणि तेच पाप पुन्हा उगाळायला मनाई करतात. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही. समोर असावे लागते.

किती वेळा? चर्चच्या १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा असा नियम केला. आजही गंभीर पापांसाठी तोच आहे. गंभीर पाप मनावर असताना मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेऊ नये.

फादरांनी बाहेर सांगितले तर?

कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, ९८३व्या कलमाप्रमाणे कबुलीची मोहर अभंग आहे. शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणाने पापी उघडा करता येत नाही. जो धर्मगुरू थेट तोडेल तो आपोआप बहिष्कृत होतो आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे असतो. फादर 'पोलिसांकडे जा' असे सांगू शकतात. स्वतः जाऊ शकत नाहीत.

प्रोटेस्टंट लोक कबुली देत नाहीत का?

देतात, थेट देवापाशी. उपासनेच्या सुरुवातीला सगळी मंडळी मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणते आणि पाळक क्षमेचे वचन वाचून दाखवतात. १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांतही असेच. मराठी बायबलमध्ये यासाठी 'पापे पदरी घेणे' असा शब्दप्रयोग आहे, आणि आम्हाला तो मूळ ग्रीकपेक्षाही ठसठशीत वाटतो: पाप कुणाच्या तरी अंगावर ढकलायचे नाही, आपल्या पदरात घ्यायचे.

प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारे मार्टिन ल्यूथर यांनी खासगी कबुली मोडीत काढली हा समज खोटा आहे. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या निवेदनात, ती राखलेली आहे. फक्त प्रत्येक पापाची यादी देण्याची सक्ती काढली. त्यांचे भांडण होते इंडल्जन्सशी.

इंडल्जन्स म्हणजे पैसे देऊन पापक्षमा?

शिकवणीप्रमाणे नाही. पापाचा दोष कबुलीत क्षमा होतो, पण त्याचा लौकिक दंड (ठरावीक काळ भोगायची शिक्षा) उरतो, आणि तो कमी करण्यासाठी चर्च इंडल्जन्स देते अशी ती मांडणी. पण १६व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ती पैसे घेऊन वाटली जात होती आणि सामान्य माणूस तो भेद कशाला ध्यानात ठेवील? ३१ ऑक्टोबर १५१७ला ल्यूथर यांनी पंचाण्णव मुद्दे मांडले ते यावर. ट्रेंटच्या परिषदेने पुढे विक्री बंद केली. आज पूर्ण इंडल्जन्ससाठी कबुली, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, नेमलेले कृत्य आणि पापाची ओढ सोडणे लागते. पैसे लागत नाहीत.

मग रविवारी कबुली द्यायची, सोमवारी पुन्हा तेच करायचे, एवढे सोपे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. ज्याने सोमवारचा बेत आधीच आखला आहे त्याची रविवारची कबुलीच लागू होत नाही, कारण निश्चय नाही. निश्चय प्रामाणिक होता आणि तरीही घसरला, तर पुन्हा यावे. येशूने आपला शिष्य पेत्र याला 'सातांच्या सत्तर वेळा' क्षमा करायला सांगितले ते यासाठी.

यहुदी धर्माने तर हे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी शब्दांत बांधून ठेवले आहे. मिश्ना या यहुदी नियमग्रंथाच्या योमा प्रकरणात म्हटले आहे की जो म्हणतो 'मी पाप करीन आणि योम किप्पुर (वार्षिक प्रायश्चित्ताचा दिवस) ते मिटवील', त्याचे योम किप्पुर मिटवत नाही.

आणि बांधाचे काय? दोन फूट जमीन परत करावी लागते. दोष सुटला म्हणून चोरीचा माल आपला होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर उभा राहून म्हणतो की कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देतो. परत करण्याची तयारी नसेल तर फादर पापमुक्ती रोखू शकतात.

यहुदी धर्मात क्षमा कशी मिळते?

पाप दोन वह्यांत लिहिले जाते असे समजा. माणूस आणि देव यांच्यातले योम किप्पुरच्या दिवशी मिटते. माणूस आणि माणूस यांच्यातले तोवर मिटत नाही, जोवर ज्याचे नुकसान झाले त्याची समजूत काढलेली नाही. १२व्या शतकातले यहुदी धर्मपंडित मायमोनिडीस कार्यपद्धतीच देतात: नुकसान भरून द्या, मग माफी मागा. नाही दिली तर तीन माणसे घेऊन जा; एकूण तीन वेळा. तरीही ऐकले नाही तर सोडून द्या, आता पाप माफी न देणाऱ्यावर. ज्याचे नुकसान केले तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि तिथे कबूल करा. बांधवाल्याने उपास करून भागत नाही, आधी शेजारी.

योम किप्पुरचा उपास साधारण पंचवीस तासांचा, पाण्याशिवाय. कबुली अनेकवचनात असते, 'आम्ही अपराध केला', आणि प्रत्येक शब्दाला छातीवर हलकी मूठ मारतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, म्हणजे बेने इस्राएलांनी किंवा शनिवार तेल्यांनी, या दिवसाला दारफाळणीचा सण असे नाव दिले होते, कारण त्या दिवशी दारे बंद करून आत राहायचे. दुसरा दिवस शिळा सण. हिब्रू पंचांगातला सगळ्यांत गंभीर दिवस इतक्या घरगुती मराठीत उतरलेला दुसरीकडे सापडणार नाही.

इस्लाममध्ये?

तौबा, म्हणजे पश्चात्ताप करून देवाकडे वळणे. मध्ये कुणी नाही, धर्मगुरूपुढे सांगायचे नाही. उलट देवाने झाकलेले पाप स्वतःहून उघडे करणे निंद्य मानले आहे. धर्मपंडित इमाम नववी यांनी दिलेल्या अटी: पाप थांबवणे, त्याची खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. पापात दुसऱ्या माणसाचा हक्क बुडाला असेल तर चौथी: तो हक्क परत करणे. या चौथ्या अटीवर हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, फार कडक आहेत. शहिदाची सगळी पापे माफ होतात, कर्ज सोडून. आणि खरा दिवाळखोर कोण? जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण ज्यांना त्याने शिवी दिली, मारले, लुटले ते एकेक येऊन त्याची पुण्ये घेऊन जातील, आणि पुण्ये संपली की त्यांची पापे याच्या खात्यावर चढतील.

काही चुकांना ठरलेला कफ्फारा, म्हणजे भरपाई, आहे. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, ऐपत नसेल तर तीन रोजे. रमजानच्या रोज्यात दिवसा शरीरसंबंध केला तर लागोपाठ साठ रोजे, ते जमत नसतील तर साठ गरिबांना जेवण. कफ्फारा आणि यहुद्यांचे किप्पुर एकाच सेमिटिक धातूचे; त्याचा एक अर्थ झाकणे. शिर्क, म्हणजे देवाच्या जोडीला दुसरा मानणे, यातच मेलेल्याला क्षमा नाही. जिवंतपणी तौबा केली तर त्यालाही आहे.

हिंदू धर्मात क्षमा आहे की फक्त कर्मफळ?

दोन्ही, आणि शिवाय तिसरे. हिंदू परंपरेला एकच रकाना देणारे तक्ते इथेच फसतात.

पहिली वाट प्रायश्चित्ताची. मनुस्मृतीचा ११वा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा भाग यासाठी आहेत. मनूने पापातून सुटण्याचे मार्ग दिले आहेत त्यात पहिला 'ख्यापन', म्हणजे पाप उघड सांगणे, आणि दुसरा अनुताप. मग तप, अध्ययन, आणि अडचणीत दान. कबुली ही फक्त ख्रिस्ती गोष्ट आहे म्हणणाऱ्यांनी हा श्लोक वाचावा. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेच, तीन दिवस काही नाही. चांद्रायणात घास चंद्राबरोबर वाढतात आणि कमी होतात: शुद्ध प्रतिपदेला एक, पौर्णिमेला पंधरा, मग रोज एक कमी, अमावास्येला उपास. घास केवढा? याज्ञवल्क्य सांगतो, मोराच्या अंड्याएवढा. पुढे झेपत नाही म्हणून पर्याय आले: गोदान, ब्राह्मणभोजन, जप. जर्मनीतल्या इंडल्जन्सशी याची तुलना कुणी केली तर ती अगदीच अन्याय्य नाही. आणि एक गोष्ट झाकू नये: एकाच पापाला वर्णानुसार वेगवेगळे प्रायश्चित्त होते.

दुसरी वाट कर्माची. संचित, म्हणजे साठलेले कर्म, ज्ञानाने जळते; क्रियमाण, म्हणजे आत्ता घडणारे, आवरता येते; पण प्रारब्ध, म्हणजे सुटलेला बाण, भोगूनच संपवायचा असतो.

तिसरी भक्तीची. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विचारतो की माझा एवढा कोणता अपराध झाला. सकाळच्या संध्येत रात्री मनाने, वाणीने, हातांनी, पायांनी, पोटाने केलेल्या पापांचा उच्चार करून पाणी प्यायचे असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण 'मी तुला सर्व पापांपासून मुक्त करीन, शोक करू नकोस' म्हणतो. भागवतात अजामिळ मरताना नारायण नावाच्या मुलाला हाक मारतो आणि त्या नावाने सुटतो. वारकऱ्याला कृपा समजावून सांगावी लागत नाही. ख्रिस्ती कृपेशी खरी तुलना इथे करायची, कर्मसिद्धांताशी नाही. उरणारा फरक एवढाच, पण मोठा: इथे नामाने पाप जळते, तिथे एका ठरावीक दिवशी, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात, एका माणसाच्या मरणाने ते फिटले असा इतिहासाचा दावा आहे.

जैन आणि बौद्ध धर्मांत देवच क्षमा करणारा नाही. मग 'मिच्छामि दुक्कडं' कुणाला?

ज्याला दुखवले त्याला, आणि सगळ्या जीवांना. अर्थ: माझे दुष्कृत्य व्यर्थ ठरो. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणाचे, म्हणजे दोष आठवून मागे फिरण्याच्या विधीचे, पाच प्रकार आहेत: सकाळचे राई, संध्याकाळचे देवसी, पंधरवड्याचे पक्खी, चार महिन्यांचे चौमासी आणि वर्षाचे संवत्सरी. मोठ्या दोषासाठी गुरूपुढे आलोचना, म्हणजे कबुली, करायची. गुरू तप नेमतात. कर्म कुणी माफ करत नाही, तपाने झडते, म्हणजे निर्जरा होते. आता संवत्सरीला व्हॉट्सॲपवर एकच मजकूर पाचशे जणांना जातो, आणि ज्याचा बांध कोरला तो त्या यादीत नेमका नसतो.

बुद्धाचे उत्तर मिठाच्या खड्याचे आहे. तोच खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर फरक पडत नाही. कर्म पुसले जात नाही, माणूस मोठा होतो. भिक्खूंसाठी नियम काटेकोर आहेत: महिन्यातून दोनदा उपोसथाला २२७ नियमांचे पठण, त्याआधी चुकांची कबुली. चार पाराजिक दोषांना (मैथुन, चोरी, मनुष्यहत्या, खोटी अलौकिक सिद्धी सांगणे) मात्र उपाय नाही; संघ सोडावा लागतो.

शीख धर्मात?

खालशाची शिस्त मोडणाऱ्याला तनखैया ठरवतात. त्याने संगतीपुढे उभे राहून चूक कबूल करायची. मग तनखाह नेमतात: जोडे पुसणे, लंगरमधली भांडी घासणे, पाठ करणे. काम अपमानाचे नाही, अहंकार उतरवायचे आहे.

ज्याला क्षमाच नाही असे पाप ख्रिस्ती धर्मात आहे का?

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याची निंदा असे म्हटले आहे. चर्चचा अर्थ: क्षमा नाकारतच राहणे. 'माझ्याकडून ते घडले तर नाही ना' या भीतीने ज्याची झोप उडते, त्याने ते केलेले नाही, असे पाळक आणि फादर दोघेही सांगतात.

नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. ती कुमसाराला बसू शकते का?

संस्कार म्हणून नाही; त्यासाठी आधी बाप्तिस्मा लागतो. फादरांशी मन मोकळे करायला बोलू शकते. फक्त ते संभाषण संस्कार नव्हे, हे दोघांनाही आधी ठाऊक असावे.

बांध वडिलांनी कोरला होता. ते गेले. जमीन आता माझ्या नावावर आहे. पाप मला लागते का?

यहेज्केलच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे मुलगा बापाच्या पापाचा भार वाहत नाही. पण ज्या दिवशी तुम्हाला कळले त्या दिवसापासून ती दोन फूट जमीन ठेवणे हे तुमचे कृत्य आहे. इस्लाममध्ये वाटणीच्या आधी मृताचे देणे फेडायचे असते. धर्मशास्त्रातही बापाचे ऋण मुलाने फेडायचे, जुगाराचे आणि दारूचे सोडून. म्हणजे तिन्हीकडून उत्तर जवळजवळ सारखेच. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, शेजाऱ्याला मोजणीच्या दिवशी हजर ठेवावे आणि खुणेचे दगड त्याच्यासमोर बसवून घ्यावेत.